गिअर थंड होईपर्यंत

"मिस्त्री, गाडी रडतेय हो," सर्व्हेअर म्हणाला, तेव्हा मी चहा पीत होतो आणि पीतच राहिलो. डोंगरदऱ्यांत जमिनी मोजत हिंडणारा हा माणूस तसा गरीब स्वभावाचा, कुणाला टाकून बोलणार नाही. गेल्याच आठवड्यात त्याच्या जीपचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल उघडून मी नवे गिअर बसवले होते. मोठे टायर घातल्यापासून गाडी चढावर दम टाकायची, म्हणून जास्त ताकदीचे गिअर; आणि मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर, म्हणजे एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं की बटण दाबायचं, मग दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी बरोबर फिरतात आणि गाडी बाहेर निघते. नऊ दिवसांचं काम, आणि गिअरचं असं काम वर्षभरात पहिलंच आलेलं. तीस वर्षं मी हेच करतो, एकटाच करतो, आणि माझ्या हातची गाडी कधी परत आल्याचं मला आठवत नव्हतं. "मागून येतो आवाज," तो म्हणाला. "साठाच्या पुढे गेलो आणि पाय काढला, की बारीक सुरू होतो. माझ्या बायकोलासुद्धा ऐकू आला." मी कप ठेवला आणि म्हणालो, चला, बघू.

गाडी मी चालवली, तो शेजारी बसला. गोदामांच्या मागचा सरळ रस्ता मला पाठ आहे; प्रत्येक गाडी मी तिथेच तपासत आलोय. साठ, पासष्ट, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. "आता," सर्व्हेअर बोट वर करून म्हणाला. "हे बघा. हे... हे... थांबलं." मला टायरची घरघर ऐकू येत होती, इंजिन ऐकू येत होतं, खिडकीतून शिरणारा वारा ऐकू येत होता. त्याचं बोट वर होतं तेवढा वेळ मी जिवाचा कान केला आणि मला दुसरं काहीही सापडलं नाही. "हो, हो," मी म्हणालो, "आहे खरं. बारीक आहे, पण आहे." किती सहज म्हणालो. खोटं बोलताना माणूस जरा तरी अडखळतो. माझी मान मात्र रोजची सवय असल्यासारखी हलली. परत येईपर्यंत तो बिचारा मलाच समजावत होता, की होतं एखाद्या वेळी, मनाला लावून घेऊ नका.

मनाला लागलं होतं ते वेगळंच. गाडी रडते, हा माझ्या बायकोचा शब्द होता. शिवणयंत्र सोडलं तर तिचा कुठल्या यंत्राशी संबंध नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा ती म्हणाली, "गाडी तपासायला जाता ना, मलाही नेत जा. एरवी तरी कुठे नेताय?" टोमणा वर्मी लागला म्हणून मी नेली, आणि मग ती दर वेळी यायला लागली. नवे गिअर बसवले की गाडी लगेच पळवायची नसते. वीस मिनिटं सावकाश चालवायची, मग अर्धा तास उभी करायची, गिअर थंड होऊ द्यायचे, मग पुन्हा वीस मिनिटं. दात एकमेकांना सरावेपर्यंत त्यांना तापू द्यायचं नाही. घाई केली तर करपतात आणि जन्मभर आवाज करतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्याला कुणी हे वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं." तर त्या अर्ध्या तासांत आम्ही रस्त्याच्या कडेला थर्मास घेऊन बसायचो. आमचा संसार घरात झाला तेवढाच तिथेही झाला. मुलीचं नाव तिथे ठरलं, तिच्या शाळेवरून भांडण तिथे झालं आणि मिटलंही तिथेच, कारण गिअर थंड झाल्याशिवाय कुणालाच तणतणत निघून जाता येत नव्हतं. लॉकर म्हणजे काय तेही मी तिला असंच एकदा समजावलं. साध्या ॲक्सलमध्ये सगळी ताकद जे चाक सुटं गरगरतंय त्याच्याकडे जाते, आणि ज्याचे पाय जमिनीला टेकलेत ते जागच्या जागी उभं राहतं. ती म्हणाली, "मग आपल्या घरातही एक बसवून टाका." गरगरणारं चाक कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिली बरीच वर्षं ती पुढे, माझ्या शेजारी बसायची. मग एकदा मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढे ऊन लागतं, म्हणाली. मी थट्टा केली, राणीसाहेब मागे आणि ड्रायव्हर पुढे. त्यानंतर ती पावसाळी दिवसांतही मागेच बसली. हनुवटी मुठीवर टेकवायची, डोळे मिटायची. मला वाटायचं पेंगतेय. मागची सीट बरोबर ॲक्सलच्या वर असते. ही गोष्ट मला, सगळं आयुष्य ॲक्सल उघडण्यात घालवलेल्या माणसाला, सर्व्हेअर गाडी ठेवून निघून गेला त्या दिवशी पहिल्यांदा सुचली. थांबल्यावर चहा ओतता ओतता ती विचारायची, "अहो, पाय काढला की जरा रडल्यासारखी वाटते का हो?" नेहमी प्रश्नच. आणि मी म्हणायचो, मलाही वाटलंच होतं. खोटं नाही, मला ते खरंच वाटायचं, फक्त तिने विचारल्यानंतर. कधी डोकं तापलेलं असलं तर मी खेकसायचो, तुला काय कळतंय त्यातलं? "मला काय कळणार, मी आपलं विचारलं," म्हणून ती कप विसळायला घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी परत उघडायचो. गावात माझं नाव झालं ते याच्यावर, की ह्याच्या गिअरचा आवाज येत नाही. नक्की कोणत्या वर्षी तिचं नुसतं फिरणं संपलं आणि ती माझं काम करायला लागली, ते आता कोण सांगणार?

गाडी मी पुन्हा उघडली. चाकं काढली, तेल सोडलं, मागचे दोन्ही शाफ्ट ओढून बाहेर घेतले, झाकण काढलं. आत मोठं क्राऊन चक्र आणि त्याला येऊन भिडणारं छोटं पिनियन. दातांना पिवळा रंग लावायचा, चक्र हाताने फिरवायचं, मग दात जिथे भिडतात तिथला रंग सरकतो आणि एक ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्यावर आला की गिअर बरोबर बसले. माझा ठसा मध्यावर होता. पंचाईत अशी, की चांगले दिसणारे ठसे दोन-तीन असतात. पिनियनखाली एक पातळ चकती बसते, तिला शिम म्हणतात. ती कागदाएवढी जाड किंवा बारीक घेतली तर ठसा केसभर सरकतो आणि डोळ्याला तोही चांगलाच दिसतो. त्यातला कुठला रडेल हे डोळ्याला कळत नाही, ते गाडी चालवून कानाने ठरवायचं असतं. बाकावर शिमा ओळीने मांडून मी स्टुलावर बसलो. सगळी बोटं पिवळी झाली होती. आयुष्यभर जे काम झोपेतही करेन म्हणून मिरवलं, ते माझं मला करता येत नव्हतं. कित्येक वर्षं येत नव्हतं. दाराच्या बेलचाही उलगडा आता झाला. पक्ष्यासारखी किलबिलणारी बेल बदलून तिने एके दिवशी घरघरणारी, भसाडी बेल लावून घेतली होती. आधीची बिघडली, म्हणाली. मी म्हटलं होतं, बिघडली तर मला द्यायची, मी दुरुस्त केली असती. बेलवरून मला तिच्या उशाशी असायची ती घंटी आठवली, आणि मी स्टुलावरून उठलो.

चार महिने ती अंथरुणावर होती. छातीचा आजार. आवाज बसत बसत शेवटी पुटपुटण्यापुरता उरला. तिची खोली वर्कशॉपला लागून आहे, मधे एक दार. ते मी उघडंच ठेवायचो. मी काही दिवसभर उशाशी बसणारा माणूस नाही. आलो, हातातलं एवढं संपवून आलो, असं ओरडून मी बेअरिंग दाबत राहायचो, आणि ते एवढं कधी अर्ध्या तासाने संपायचं. मुलगी शाळेत शिकवते, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, शाळा सुटल्यावर रोज यायची. तिने ती घंटी आणली. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, छोटी, चकचकीत, वरच्या बटणावर टिचकी मारायची. तिने ती उशाशी ठेवून वाजवून दाखवली. मी दारात उभा होतो. "बाबा, तिकडपर्यंत ऐकू येईल ना?" "न यायला काय झालं?" मी म्हणालो. मुलीचं बोट खाली गेलं, बटण वर आलं, म्हणजे घंटी वाजली, एवढंच मी ताडलं असणार. तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं इतके दिवस माझ्या ध्यानात नव्हतं. मग ती मुलीकडे वळून पुटपुटली, "छान आहे गं."

ती गेली ती एका दुपारी. मी प्रेसवर बेअरिंग दाबत होतो. दोन तासांनी आत गेलो आणि समजलो. मुलगी धावत आली, आईचा हात उचलला, घंटी गादीवरून उचलून खिडकीत ठेवली. "बाबा, तुम्ही इथेच होतात ना?" मी म्हणालो, "इथेच होतो. दहा पावलांवर. तिने घंटी वाजवलीच नाही. झोपेतच गेली गं." मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं, आणि सगळे म्हणाले, भाग्याची. मुलगी मात्र काही बोलली नाही. तेराव्या-चौदाव्या दिवसानंतर ती घरी आली नाही. रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, ठेवते. आईशिवायचं घर तिला बघवत नसेल, असं मी धरून चाललो होतो. सहा महिने झाले याला.

घंटी खिडकीतच होती, धुळीने माखलेली. पुसून वर्कशॉपमध्ये आणली, बाकावर ठेवली आणि टिचकी मारली. बोटाला थरथर कळली. आवाज नाही. मला वाटलं, बिघडली. सगळा जन्म बिघडलेल्या वस्तू बघण्यात गेला, आधी तेच सुचणार. उलटी करून पाहिली तर आतला छोटा हातोडा शाबूत. पुन्हा मारली. टायरांच्या चळतीवर मांजर झोपली होती, तिने कान टवकारले. तिसऱ्यांदा मारली, तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. चौथ्यांदा वैतागून उठली आणि बाहेर निघून गेली. मी वाजवतच राहिलो, कान घंटीला जवळजवळ चिकटवून, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

तिने वाजवली असेल. किती वेळा, ते मला कधीच कळणार नाही. पण त्याहून वाईट गोष्ट मागाहून ध्यानात आली. मला ऐकू येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. घंटी उशाशी ठेवली गेली त्याच क्षणी ठाऊक होतं, म्हणून तर तिने तसं पाहिलं. ही नको, त्यापेक्षा काठी दे आपटायला, जमिनीवर पाडायला पातेलं दे, एवढं म्हणाली असती तर भागलं असतं. पण मग मुलीने विचारलं असतं, का गं? आणि तुझ्या बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे तिला सांगावं लागलं असतं. ते तिने सांगितलं नाही. मागची सीट जशी सांभाळली तशी हीही गोष्ट सांभाळली. माझी लाज झाकायला तिने स्वतःची हाक देऊन टाकली, आणि वर छान आहे म्हणाली. मी बाकावर डोकं टेकून रडलो. माझं रडणं मला नीट ऐकू येत होतं. ते जाडंभरडं आहे.

दोन दिवस मी ठरवत होतो, की हे कुणाला सांगायचं नाही. मुलगी निदान एवढ्यावर तरी समाधान मानून असेल, की आई झोपेत गेली. तेवढंही तिच्याकडून काढून घ्यायचं का? पण गाडी उघडी पडली होती आणि सर्व्हेअरला पुढच्या आठवड्यात डोंगरावर जायचं होतं. रडणारी गाडी मी त्याला देऊ शकत नव्हतो आणि न रडणारी ओळखू शकत नव्हतो. शेवटी मुलीला फोन लावला. म्हणालो, "जरा येशील का? गाडी तपासायचीय. मागे बसून ऐकायचं फक्त." पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं ती बोलतेय आणि मलाच ऐकू येत नाही. मग ती म्हणाली, "आई बसायची तसं?" "हो, तसंच," मी म्हणालो.

गाडी मी आहे तशीच परत जोडून ठेवली. शनिवारी ती आली, घरात न शिरता सरळ गाडीत जाऊन बसली. पासष्टावर मी पाय काढला आणि वाट पाहिली. "येतोय आवाज," ती म्हणाली. "बारीक, शिट्टीसारखा." किती सरळ सांगितलं. तिला आईसारखा माझ्यासाठी त्याचा प्रश्न करायचा नव्हता. मी मान हलवली नाही, बरं म्हणालो, गाडी परत नेली आणि रात्र पडायच्या आत एक शिम बारीक केली. रविवारी ती पुन्हा आली, या वेळी आईचा थर्मास घेऊन. तो तिच्याकडे होता हे मला माहीत नव्हतं. साठ, पासष्ट, पाय काढला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. "काही नाही बाबा," ती म्हणाली. "गप्प आहे." लॉकरचं बटण दाबून कच्च्या उतारावर दोन्ही चाकं बरोबर फिरतात तेही पाहिलं. वीस मिनिटं झाली तशी मी गाडी कडेला घेतली. दात आता नव्या जागी भिडत होते, त्यांना पुन्हा नव्यासारखंच जपायला हवं होतं. "आता काय?" तिने विचारलं. "आता अर्धा तास बसायचं," मी म्हणालो.

आम्ही दगडावर बसलो. समोर वाळलेलं गवत, पलीकडे एका गोदामाची पाठ. तिने चहा ओतला. आईसारखाच, कप काठोकाठ भरून. मी सांगायला सुरुवात केली. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, किती वर्षं ते माहीत नाही. तुझ्या आईला माहीत होतं, ती ते चालवून घ्यायची. ती घंटी मला ऐकू येत नाही, परवा वाजवून पाहिली, मांजरीला ऐकू आली. "त्या दिवशी तिने वाजवली असेल," मी म्हणालो. "मी दहा पावलांवर होतो." एवढं बोलेपर्यंत मी थर्मासचं झाकण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. मुलगी उठली. गाडीच्या मागे जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि काहीतरी बोलली. तिचे खांदे हलले त्यावरून मला कळलं, की ती बोलतेय. माझी मान हलायला निघाली होती. हो, हो. खरंय. मी ती धरून ठेवली. "काय म्हणालीस?" मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही." हे मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन.

ती परत आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, तोंडासमोर तोंड आणून, शाळेतल्या लहान पोरांशी बोलत असेल तशी. "घंटी आईच्या पंज्याखाली होती, बाबा. मीच काढली. तिचं बोट बटणावर होतं. तिने वाजवलीय, हे मला त्याच दिवशी कळलं होतं." मी थर्मास बाजूला ठेवला. "आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, वाजवलीच नाही. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं. ऐकू आलं आणि तुम्ही म्हणालात, आलो, हातातलं एवढं संपवून आलो." तिचा आवाज चढला की चिरका होतो, त्यामुळे पुढचे काही शब्द माझ्या हातून सुटले, पण तोंड समोर होतं, ते वाचता आलं. "सहा महिने मी हेच मनात धरून होते."

"ऐकू आलं असतं तरी मी तेच म्हणालो असतो," मी म्हणालो. हे खरं होतं, आणि एकदा सांगायला लागल्यावर ते मागे ठेवून चालणार नव्हतं. "माहीत आहे," ती म्हणाली. मग माझ्या शेजारी दगडावर बसली आणि रडायला लागली. ती रडत होती ते मला दिसत होतं. नाक लाल, ओढणी तोंडावर दाबलेली, पाठ हिसके देत होती. आवाज येत नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो मला तळव्यातून कळला, आणि मग मी हात उचलला नाही.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. डोळे पुसून म्हणाली, "झाला का हो अर्धा तास?" मी उठलो, गाडीखाली वाकून ॲक्सलला हात लावला. थंडगार झाला होता.

"अजून गरम आहे," मी म्हणालो, आणि परत येऊन तिच्याजवळ बसलो.